संमोहनात ताबा कोणाचा? डिचोलीच्या एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

डिचोलीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : मुलीचे वय २६, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. गेली तीन वर्षे पोटात कळा येतात, कधी जुलाब तर कधी मलावरोध, आणि सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढण्यापूर्वी दोन-तीन वेळा शौचाला जावे लागते. सर्व तपासण्या झाल्या, त्यांत काही दोष आढळला नाही आणि डॉक्टरांनी ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामात बिघाड होण्याचा विकार) असे निदान केले. औषधांनी तात्पुरता उतार पडतो. आता पोटविकारतज्ज्ञांनी संमोहन उपचार सुचवला आहे. घरातील आजी म्हणते, परक्या माणसाने भारून टाकल्यावर पोर आपल्या ताब्यात राहील का? दुसरीकडे ओळखीतल्या एकाने, पोटातील दुखणे पूर्वजन्मीच्या गाठीचे आहे आणि ती गाठ संमोहनाने सोडवून देतो, असे सांगणाऱ्या एका व्यक्तीचा पत्ता दिला आहे. यात काय खरे मानावे?

ताई, मी पणजीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करते आणि माझ्या कामात संमोहनाचा नियमित वापर करते. आपल्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य आहे. आजींची भीती समजण्यासारखी आहे, पण तिला आधार नाही. तो पत्ता मात्र कृपया बाजूला ठेवावा. या तिन्ही गोष्टींची कारणे सविस्तर सांगते, कारण कारणे कळल्याशिवाय आपली मुलगी त्या खुर्चीवर निश्चिंतपणे बसू शकणार नाही, आणि निश्चिंतपणा हा या उपचाराचा अर्धा भाग आहे.

आजींच्या प्रश्नापासून सुरुवात करते. संमोहन म्हणजे झोप नव्हे, बेशुद्धी नव्हे आणि इच्छाशक्ती हिरावून घेणेही नव्हे. लक्ष एका जागी इतके एकवटते की भोवतालच्या इतर गोष्टी मागे पडतात आणि त्या स्थितीत ऐकलेल्या सूचना शरीराला नेहमीपेक्षा अधिक लवकर जाणवतात, एवढाच त्याचा गाभा आहे. जत्रेतील नाटक पाहताना याचीच सौम्य आवृत्ती आपण सर्वांनी अनुभवली आहे. समोर राजाच्या वेषात उभा असलेला माणूस आपल्याच वाड्यावरचा आहे हे ठाऊक असते, तरीही त्याच्या विलापाने डोळे भरून येतात, घसा दाटतो, अंगावर काटा येतो. म्हणजे केवळ कल्पनेने शरीरात खरे बदल घडतात. आणि त्याच क्षणी मांडीवरचे मूल रडू लागले, तर आई तत्काळ उठून बाहेर जाते, तिला कोणी थांबवू शकत नाही. संमोहित व्यक्तीची अवस्था याहून फार निराळी नसते. तिला सर्व ऐकू येते, नको ती सूचना ती नाकारू शकते, हवे तेव्हा डोळे उघडू शकते, आणि सत्रात काय झाले ते बहुतेकांना नंतर आठवते. रंगमंचावरील जादूच्या प्रयोगांत लोक कोंबड्यासारखे आरवताना दिसतात, ते आधी प्रेक्षकांतून निवडून घेतलेले, उत्साहाने पुढे आलेले आणि हजारो डोळ्यांसमोर प्रयोग बिघडू नये असे वाटणारे लोक असतात. त्या प्रकारामुळे या उपचाराचे फार नुकसान झाले आहे.

आपल्याकडे, आणि विशेषतः आपल्या तालुक्यात, आजींना साळ गावच्या शिमग्यात अंगात संचार होणारे गडे आठवत असतील किंवा देवळात अवसर आलेला, म्हणजे अंगात दैवत आलेला, माणूस आठवत असेल. त्या श्रद्धेच्या आणि परंपरेच्या गोष्टी आहेत, त्यांचा मान ठेवून एवढेच सांगते की उपचाराच्या खोलीत तसे काही घडत नाही. कोणाचा संचार नाही, मंत्र नाही, डोळ्यांत डोळे घालून बघणे नाही. चिकित्सकाकडून रुग्णाकडे कोणतीही शक्ती जात नाही.

ही विद्या स्वतः करून दाखवत हे शेवटचे वाक्य ठामपणे ऐकवणाऱ्या पहिल्या लोकांत एक गोंयकार होता, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह मी आवरत नाही. १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेले जुझे कुस्तोदियु फारिया, म्हणजे आबे फारिया, लहानपणीच वडिलांबरोबर युरोपात गेले, पाद्री झाले आणि अखेरीस पॅरिसमध्ये स्थायिक झाले. त्यापूर्वी तेथे फ्रान्झ मेस्मर या वैद्याने आपल्या अंगातून एक चुंबकीय द्रव रुग्णांच्या शरीरात वाहतो, असा सिद्धांत मांडून खळबळ उडवली होती. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये होते, त्या दाव्याची परीक्षा घेतली. फ्रँकलिन यांच्या बागेतील एक झाड ‘भारून’ ठेवण्यात आले आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडाजवळ नेण्यात आले. तो मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण न भारलेल्या झाडापाशी. द्रव नाही, सगळा कल्पनेचा परिणाम आहे, असा निष्कर्ष समितीने काढला आणि विषय तेथेच मिटवला. कल्पनेने माणूस खरोखर कोसळत असेल, तर ती कल्पनाच अभ्यासण्यासारखी आहे, हा पुढचा विचार समितीने केला नाही. तो फारियांनी केला. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर व्याख्याने आणि प्रात्यक्षिके सुरू केली. समोरच्या व्यक्तीला शांत बसवून, लक्ष एकाग्र करायला लावून ते केवळ शब्दांनी तिला त्या अवस्थेत नेत, आणि कारण चिकित्सकात नसून त्या व्यक्तीच्या स्वतःच्या ठायी आहे, असे सांगत. १८१९ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ छापला गेला. पॅरिसमध्ये त्यांची टिंगलच अधिक झाली.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्यांचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ती कृती १९४५ मध्ये उभारली गेली, आणि शिल्प म्हणून ती निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु झगा घातलेला एक भव्य पुरुष दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कोसळते आहे, हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात नेमका तोच समज रुजवते, जो खोडून काढण्यात फारियांनी आपले उत्तरायुष्य घालवले. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या मनात संमोहनाचे जे चित्र असते, ते त्या पुतळ्याचे असते. म्हणून पहिल्या भेटीत मला पुष्कळदा त्या हातांविषयी बोलावे लागते : त्या हातांतून काही वाहत नव्हते, आणि हे स्वतः त्या हातांच्या धन्याचे म्हणणे होते.

फारियांनंतरचा इतिहास मोठा आहे, पण आपल्या प्रश्नाला त्यातले थोडेच आवश्यक आहे. १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यविशारदाने भारतीय रुग्णांवर मेस्मरच्या परंपरेतील पद्धतीने वेदनेवाचून शस्त्रक्रिया करण्यास सुरुवात केली. पुढे लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ते काम मागे पडले. युरोपात या विद्येला कधी प्रतिष्ठा मिळाली, कधी बदनामी. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये वैद्यकातील तिचा वापर मान्य केला. तेव्हापासून हा विषय विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जात आहे, आणि त्या अभ्यासातील दोन गोष्टी आपल्याला माहीत असाव्यात.

एक म्हणजे, संमोहनक्षमता माणसागणिक वेगळी असते आणि ती मोजता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये त्यासाठी प्रमाणित चाचण्या तयार झाल्या. ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के लोकांची क्षमता फार जास्त असते, जवळपास तितक्याच लोकांची फार कमी, आणि उरलेले सर्व मधले. त्याच व्यक्तींची पंचवीस वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हाही गुणांत फारसा फरक पडला नव्हता. हा गुण भोळेपणाचा नाही, दुबळ्या मनाचा तर मुळीच नाही. कथेत, संगीतात किंवा कामात तल्लीन होण्याच्या शक्तीशी त्याचे काहीसे नाते आहे. ‘मी कोणालाही संमोहित करू शकतो’ असे जो म्हणतो, त्याला या विषयाची मूलभूत माहितीही नाही असे समजावे.

दुसरी गोष्ट वेदनेविषयीची. १९९७ मध्ये माँट्रियल येथील संशोधकांनी संमोहित व्यक्तींना त्रासदायक गरम पाण्यात हात बुडवायला सांगून मेंदूची चित्रे घेतली. पाणी तेवढेच गरम, पण ‘याचा त्रास कमी वाटेल’ किंवा ‘जास्त वाटेल’ अशी सूचना बदलली की मेंदूच्या पुढील मध्यभागातील एका पट्ट्यातील क्रिया त्याप्रमाणे कमी-अधिक होत होती. वेदना कोठे आणि किती आहे हे नोंदवणारा भाग मात्र तसाच राहिला. म्हणजे ‘दुखते आहे’ आणि ‘दुखण्याचा जाच होतो आहे’ या दोन गोष्टी मेंदूत काही अंशी वेगळ्या आहेत, आणि शब्दांनी दुसरीवर परिणाम करता येतो. रुग्ण सोंग करतो किंवा चिकित्सकाला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणतो, या आक्षेपाला यातून बऱ्यापैकी उत्तर मिळते.

आता आपल्या मुलीच्या पोटाकडे वळते. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, सूज नसते. आतडे आणि मेंदू यांच्यात सतत चालणारी देवाणघेवाण बिघडलेली असते. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू किंवा ताण अशा रुग्णाला कळ म्हणून जाणवतो. त्या कळेच्या धास्तीने आतड्याची हालचाल आणखी बिघडते, आणि धास्ती पुन्हा खरी ठरते. सकाळी बसच्या वेळेलाच त्रास का होतो, याचे उत्तर यात आहे. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून तिला कोणी हिणवत असेल, तर ते ताबडतोब थांबवावे. दुखणे खरे आहे. त्याच्या साखळीतील एक कडी मनाच्या हाती आहे, इतकेच.

या विकारावर मँचेस्टर येथील डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इतर कोणत्याही उपचारांना दाद न दिलेले ३० रुग्ण त्यात होते. ज्यांना संमोहन दिले, त्यांना मानसोपचार आणि खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम पडला. त्याच केंद्राने २०१५ मध्ये १,००० रुग्णांचा आढावा मांडला, त्यात ७६ टक्के रुग्णांना चांगला फायदा झाला होता. हा आकडा जाहिरातींत फार फिरतो, म्हणून सावध करते : ते या कामाला वाहिलेले केंद्र आहे आणि त्या आढाव्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तौलनिक अभ्यासात वैयक्तिक संमोहन उपचारानंतर पुरेसा आराम सुमारे ४० टक्क्यांना मिळाला, आणि नुसती माहिती व धीर देणाऱ्या गटात सुमारे १७ टक्क्यांना. माझ्या मते अपेक्षा या दुसऱ्या आकड्यावर बेतावी. ब्रिटनमधील ‘नाइस’ ही अधिकृत मार्गदर्शक संस्था बारा महिने औषधांनी गुण न आलेल्या आयबीएस रुग्णांसाठी संमोहनासह मानसोपचारांचा विचार करावा, असे सांगते. आपली मुलगी नेमकी या वर्गात बसते.

प्रत्यक्ष सत्रात काय होते ते सांगते, म्हणजे अज्ञाताचे भय राहणार नाही. पहिली भेट बोलण्यातच जाते : त्रास केव्हा सुरू झाला, केव्हा वाढतो, सकाळ कशी जाते, तिला त्रासाचे वर्णन कोणत्या शब्दांत करावेसे वाटते. पुढच्या भेटीपासून ती आरामखुर्चीवर बसते, समोरच्या भिंतीवरील एका ठिपक्याकडे बघते, श्वास सावकाश होत जातो, पापण्या जड झाल्या की मिटते. मी हळूहळू आकडे मोजत खांद्यांपासून पायांपर्यंत एकेक अवयव सैल सोडायला सुचवते. त्यानंतर स्वतःचा तळहात पोटावर ठेवून त्यात ऊब साठते आहे आणि ती आत मुरते आहे, अशी कल्पना करायला सांगते. हात रुग्णाचा स्वतःचा असतो. चिकित्सकाने स्पर्श करण्याची काहीही गरज नसते, हे लक्षात ठेवावे. मग प्रवाहाचे चित्र येते. मँचेस्टरच्या पद्धतीत नदी सुचवली जाते : जुलाब असेल तर खळाळ मंदावणारी, मलावरोध असेल तर वाहती होणारी.

मी चित्र रुग्णाकडूनच घेते. सत्तरी तालुक्यातील एका बसचालकाला नदी काही केल्या डोळ्यांसमोर येईना. बोलता बोलता त्याने लहानपणी वडिलांबरोबर कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, शिंपायला जात असल्याचे सांगितले, आणि त्याचा चेहरा बदलला. पुढची सर्व सत्रे आम्ही त्या कुळागरात घेतली : पाटात पाचोळा अडकला की तो हाताने बाजूला करायचा, पाणी जोरात धावू लागले की मातीचा बांध थोडा उंच करायचा, एकेका पोफळीच्या मुळाशी पाणी वळवायचे आणि ते शांतपणे जिरताना बघायचे. पाणी किती सोडायचे हे तो ठरवत होता. पाचव्या सत्रानंतर साखळी गावच्या थांब्यावर शौचालय शोधण्याची घाई लागली नाही, असे त्याने सांगितले. त्रास पूर्ण गेला नाही, पण आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आला. मी त्याच्यासाठी फोनवर ध्वनिमुद्रण करून दिले होते आणि ते तो रोज रात्री ऐकत असे. रोजचा सराव करणाऱ्यांना गुण येतो आणि फक्त माझ्या खोलीत येऊन बसणाऱ्यांना क्वचितच येतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

इतर विकारांत संमोहनाचा उपयोग कमी-अधिक आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, दंतवैद्याच्या खुर्चीची धास्ती, भाजलेल्या जखमांच्या मलमपट्टीची वेदना, काही प्रकारचे जुनाट दुखणे आणि रजोनिवृत्तीतील गरम वाफा यांत ते मदत करते. बेल्जियममधील लिएज येथे तर १९९२ पासून स्थानिक भूल आणि अल्प औषधांच्या जोडीने संमोहन वापरून शस्त्रक्रिया होत आल्या आहेत, त्यांत थायरॉइडच्याही आहेत. धूम्रपान सोडवण्यासाठी मात्र ते इतर उपायांहून सरस असल्याचा भक्कम पुरावा नाही, जरी जाहिराती सर्वांत जास्त त्याच्याच असतात. कर्करोग, मधुमेह किंवा संसर्ग संमोहनाने बरा होत नाही.

पूर्वजन्माच्या दाव्याविषयी मला कठोर बोलावे लागेल. संमोहित अवस्थेत कल्पना अतिशय जिवंत होते, आणि म्हणूनच त्या अवस्थेत ‘आठवलेल्या’ गोष्टींवर विसंबता येत नाही. संमोहनाने स्मृती अधिक अचूक होत नाही. जे आठवले ते खरेच आहे ही खात्री तेवढी वाढते. ‘आणखी मागे जा, काय दिसते?’ असे विचारणाऱ्याला काहीतरी दिसतेच, आणि ते त्याने वाचलेल्या, ऐकलेल्या, पाहिलेल्या गोष्टींतून विणलेले असते. अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अशा ‘सापडलेल्या’ आठवणींवरून मुलींनी आपल्या वडिलांवर घडलेच नव्हते अशा अत्याचारांचे आरोप केले आणि घरे उद्ध्वस्त झाली. आपल्या लेकीला कोणी पूर्वजन्मीचा शत्रू म्हणून घरातल्याच एखाद्या माणसाचे नाव सुचवले, तर पोटदुखी राहील आणि घरही दुभंगेल. हा धोका मी तर्काने सांगत नाही. अशी दुभंगलेली कुटुंबे माझ्याकडे आली आहेत.

चिकित्सक निवडताना संमोहनाचे प्रमाणपत्र पाहू नये, मूळ शिक्षण पाहावे. दोन-चार दिवसांच्या शिबिरानंतर प्रमाणपत्र देणारे पुष्कळ आहेत. जो विकार संमोहनाशिवाय हाताळण्याचे शिक्षण ज्याच्याकडे नाही, त्याने तो संमोहनाने हाताळू नये, हा आमच्या व्यवसायातील जुना आणि शहाणा नियम आहे. म्हणून मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधावा. पोटविकारतज्ज्ञांनी कोणाचे नाव सुचवले नसेल, तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेतील बाह्यरुग्ण विभागात चौकशी करता येईल. मुलीला पूर्वी कधी भास झाले असतील, घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, फिट येत असतील किंवा तीव्र नैराश्य असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण अशा स्थितीत संमोहन टाळावे लागते किंवा फार जपून द्यावे लागते. किती सत्रे लागतील, एका सत्राचे शुल्क किती, गुण आला नाही तर पुढे काय, हे आधीच विचारावे. या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये. सर्व रक्कम आगाऊ मागणाऱ्याकडेही नाही. आणि तरुण मुलगी असल्याने, तिची इच्छा असेल तर सत्राच्या वेळी दुसरी व्यक्ती खोलीत बसू शकेल का, हे अवश्य विचारावे. माझ्याकडे पहिल्या सत्राला आया, बहिणी, एकदा तर एक आजीही बसल्या आहेत, आणि रुग्णाची हरकत नसेल तर मी त्याला नेहमी होकार देते. आपल्या घरच्या आजींनाही आणावे. नातीने मधेच डोळे उघडून पाणी मागितलेले आणि ते पिऊन पुन्हा डोळे मिटलेले त्यांनी स्वतः पाहिले, तर माझ्या या लांबलचक उत्तराची त्यांना गरज राहणार नाही.

उपचार चालू असताना आधीची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. शौचात रक्त, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा ताप यांपैकी काहीही दिसले, तर संमोहन बाजूला ठेवून प्रथम पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. साधारण सात ते बारा सत्रे, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक, असा बेत असतो. सहाव्या-सातव्या सत्रापर्यंत रोजचा सराव करूनही काडीचा फरक नसेल, तर चिकित्सकाशी स्पष्ट बोलून थांबावे. आयबीएससाठी वर्तन-विचार उपचार, म्हणजे सीबीटी, हा तितकाच मान्य मार्ग आहे आणि संमोहनक्षमता कमी असलेल्यांना तो अनेकदा अधिक मानवतो.

दरम्यान मुलीने एक नोंदवही ठेवायला आजपासूनच हरकत नाही : कळ किती वाजता आली, त्याआधी काय खाल्ले, मनात काय चालले होते, आणि सुट्टीच्या दिवशी काय फरक पडला. पंधरा दिवसांच्या नोंदी घेऊन ती पहिल्या भेटीला गेली, तर चिकित्सकाचे एक संपूर्ण सत्र वाचेल.